देवाची खुशामत

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी मला दाराशी गाठलं आणि विचारलं, "सर, धर्मातला ढोंगी माणूस ओळखायचा कसा?" मी म्हटलं, "दुसऱ्याचं ढोंग ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. आपलं कसं ओळखायचं ते विचारा." लोक हसले, ताईही हसल्या आणि मी सुटलो. घरी जाताना वाटलं, उत्तर चलाख होतं, पण ते उत्तर नव्हतंच. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. विषय आहे ख्रिस्ती श्रद्धेतला दंभ आणि अंतःकरणाचा प्रांजळपणा. त्यासाठी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या आहेत : बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, इमॅन्युएल कांटचा 1791 सालचा एक छोटा निबंध आणि पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमधला पत्रव्यवहार.

आधी शब्द बघू. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू तीन धार्मिक कृत्यांबद्दल बोलतो : दानधर्म, प्रार्थना आणि उपास. लोकांनी बघावं म्हणून जे हे करतात त्यांना मराठी बायबल 'ढोंगी' म्हणतं. मूळ ग्रीक शब्द आहे 'हिपोक्रितेस', आणि त्याचा रूढ अर्थ होता रंगभूमीवरचा नट. आता मराठीत 'ढोंगी' म्हटलं की आपल्यासमोर भोंदू उभा राहतो. त्याला आतून माहीत असतं की आपण फसवतो आहोत. आपल्या संतांनी त्याची भरपूर हजेरी घेतलेली आहे, त्यात मी भर घालण्याची गरज नाही. पण नट भोंदू नसतो. नट काय करतो? दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्यं मनापासून म्हणतो. डोळ्यांत पाणीसुद्धा आणतो, आणि ते पाणी खोटं असतं असंही नाही. फक्त ती वाक्यं त्याची नसतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. भोंदू थोडे असतात. दुसऱ्याची वाक्यं आपली समजून म्हणणारे मात्र आपण पुष्कळ आहोत. आणि येशूच्या त्या उदाहरणांत प्रेक्षक म्हणजे रस्त्यावरची माणसं. याहून अवघड प्रकार असा, की प्रेक्षक म्हणून खुद्द देवच समोर बसलाय असं समजून माणूस भूमिका करतो. तिथे आपण ईयोबाकडे येतो.

ईयोबाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सरळ, देवभीरू माणूस. गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं उठली, राखेत जाऊन बसला. अलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस गप्प बसले. माझ्या मते त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती. मग बोलायला लागले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की देव न्यायी आहे, तो निरपराध्याला मारत नाही, म्हणजे तू काहीतरी पाप केलेलं असणार. ईयोब म्हणतो, मी असं काही केलेलं नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, देव माझ्याशी वैऱ्यासारखा वागतो म्हणतो, देवाला समोरासमोर जाब विचारायची भाषा करतो. आणि तेराव्या अध्यायात मित्रांना फार टोकदार प्रश्न विचारतो : तुम्ही देवाची बाजू घेण्यासाठी खोटं बोलणार आहात का? त्याच्याबाबत पक्षपात करणार आहात का?

बघा, किती विलक्षण आरोप आहे! देवाविरुद्ध खोटं बोलण्याचा हा आरोप नाही. देवाच्या बाजूने खोटं बोललात, असं तो म्हणतोय.

शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव अलीफजला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही नाही. इथे वाचक अडखळतो, कारण थोडं आधी त्याच देवाने ईयोबालाही, ज्ञानावाचून बोलतोस म्हणून खडसावलेलं असतं. मग तो योग्य कसा बोलला? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारायचे आणि तो प्रश्न बरोबरच आहे.

कांटचं उत्तर या जागी उपयोगी पडतं. हा निबंध 'बर्लिनिशे मोनाटस्श्रिफ्ट' या मासिकात 1791 साली आला. जगात दुःख आहे तरी देव न्यायी आहे, हे तर्काने सिद्ध करण्याचे तत्त्वज्ञांचे सगळे प्रयत्न फसले आहेत, असं तो सांगतो. आणि मग अनपेक्षितपणे ईयोबाकडे वळतो. कांट म्हणतो, मित्र असे बोलतात की जणू ज्याच्या खटल्यावर ते मत देताहेत तो बलाढ्य चोरून ऐकतोय, आणि सत्यापेक्षा त्याची मर्जी त्यांना जास्त मोलाची आहे. ईयोब बोलतो ते जसं वाटतं तसं. म्हणून देवाने निवाडा केला तो ज्ञानाचा नव्हे, प्रांजळपणाचा. ईयोबाचं ज्ञान चुकलं असेल. त्याचं बोलणं खोटं नव्हतं.

याच्या मागे कांटचा एक साधा भेद आहे. मी जे म्हणतो ते खरं आहे का, याबाबत माझी चूक होऊ शकते. पण 'मी हे मानतो' असं जेव्हा मी म्हणतो, तेव्हा मी खरंच ते मानतो का, हे मला तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. आत नजरही न टाकता जो देवासमोर 'मी मानतो' म्हणतो, तो अंतःकरण जाणणाऱ्यासमोर खोटं बोलतो. यात मूर्खपणा आहेच, पण तेवढंच नाही. सगळ्या सद्गुणांचा पायाच तो उखडतो. दोन वर्षांनी, 1793च्या धर्मविषयक ग्रंथात, कांटने एका हिशेबी युक्तिवादाची साल काढली आहे. तो युक्तिवाद असा : मानून टाकू, खरं निघालं तर फायदाच, खोटं निघालं तर आपलं काय गेलं? कांट म्हणतो, गेलं ना, तुझी सचोटी गेली.

हे सगळं अधांतरी नव्हतं. 1788 साली प्रशियात धर्मविषयक फर्मान निघालं होतं. धर्मोपदेशकांनी अधिकृत मतांना धरूनच शिकवावं, अशी सक्ती होती. म्हणून कांट लिहितो की ईयोब आजच्या धर्मसभांसमोर उभा राहिला असता तर, एखाददुसरी सोडून, कुठेही त्याची धडगत नव्हती.

आता मला एक कबुली द्यायची आहे, नाहीतर मी या विषयावर बोलणंच दांभिक ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा गेला. मी भेटायला गेलो. त्या माउलीसमोर बसून मी म्हणालो, "देवाची इच्छा. तो जे करतो ते भल्यासाठीच." तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, तुम्हाला खरंच असं वाटतं?" मला वाटत नव्हतं. त्या वाक्याकडे मी म्हणण्याआधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या वेळी ईयोबावरचा कांटचा निबंध मी वर्गात शिकवत होतो! मी भोंदू नव्हतो हो. माझं दुःख खरं होतं. पण वाक्य अलीफजचं होतं. आणि त्या वाक्याने तिच्या पदरात काय पडलं? तिच्या मुलाचं मरण भलं होतं, हे मान्य करण्याचा बोजा. देवाची खुशामत आपण करतो, किंमत दुःखी माणूस मोजतो.

असो. आता तिसरी गोष्ट, रमाबाईंची.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, परका मुलुख, आणि आसरा त्या भगिनींचाच. अशा माणसाने आश्रयदात्यांची सगळी वाक्यं मुकाट म्हटली असती तर तुम्ही-आम्ही नाव ठेवलं नसतं.

रमाबाईंनी ती म्हटली नाहीत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, 1885च्या सुमारास, त्यांचा सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचं देवत्व, अथेनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धा कबूल करण्याचं चर्चचं अधिकृत सूत्र, या सगळ्यांबद्दल रमाबाई विचारतात : हे बायबलात कुठे आहे? मला पटलं नाही तर मी म्हणू कशी? एका पत्रात त्या सुनावतात की मोठ्या कष्टाने मी इकडच्या पुरोहितांचं जोखड उतरवलं आहे, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही. हे सूत्र मला या घडीला म्हणता येत नाही, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

आणि सिस्टर जेराल्डीन यांना त्यात काय दिसलं? अहंकार आणि हट्ट. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नसत. त्यातही त्यांना जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी उलट विचारलं, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि कोणाला त्रास न होता तिने आपल्या रीती पाळल्या, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? सवाल बिनतोड आहे.

पण टीकाकाराने सिस्टर जेराल्डीन यांची बाजू नीट मांडली पाहिजे. ती अशी मांडता येईल : श्रद्धा काही एकट्यादुकट्याच्या खिशातली वस्तू नाही. निकेआच्या मतांगीकाराचं मूळ ग्रीक सूत्र 'आम्ही' म्हणून सुरू होतं. लहान मूल भाषा शिकतं ते अर्थ कळायच्या आधी शब्द बोलूनच. प्रत्येकजण आपल्याला पटेल तेवढंच म्हणू लागला तर उपासनेला उभं तरी कोण राहणार? मी हा मुद्दा हलका समजत नाही. केवळ स्वतःपुरतं बोलणाऱ्याला अनेकदा स्वतःच्या लहानपणाचीच पूजा करायची असते.

तरीही एक भेद राहतो. शिकण्यासाठी म्हणणं वेगळं आणि साक्ष म्हणून म्हणणं वेगळं. पाढे घोकणाऱ्या मुलाला आपण कोर्टात उभं करत नाही. रमाबाईंकडे मागितली जात होती ती साक्ष. आणि साक्षीदाराला 'आम्ही'मागे लपता येत नाही.

आता कांटवर उलटतपासणी. दोन ठिकाणी तो मला अपुरा वाटतो.

पहिलं ठिकाण त्याच्या चरित्रातलं आहे. 1 ऑक्टोबर 1794 या तारखेचा राजाचा हुकूम त्याच्या हाती पडला : धर्मावर पुन्हा असं लिहू नका. कांट सत्तरीचा होता. त्याने वचन दिलं की 'महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन' म्हणून धर्मावर यापुढे जाहीर काही बोलणार नाही. 1797 साली राजा वारला. 1798 साली कांटने पुन्हा धर्मावर लिहिलं आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं, की ते शब्द मी मुद्दामच निवडले होते. वचन त्या राजाच्या हयातीपुरतं होतं. प्रांजळपणाचा एवढा मोठा भाष्यकार, आणि ही वकिली! कांटचं समर्थन त्याच्याच ग्रंथात आहे : मोकळेपणा, म्हणजे ठाऊक आहे ते सगळं बोलणं, आणि प्रांजळपणा, म्हणजे बोलेन ते खरं बोलणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पहिली मनुष्यस्वभावात मिळत नाही, दुसरी मात्र प्रत्येकाकडून मागता येते. भेद मला मान्य आहे. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण वाचणारा चुकीचं समजेल हे ठाऊक असून शब्द तसे बेतणं? ते खुशामतीच्या फार जवळचं आहे. मी हे कांटला कमी लेखायला सांगत नाही. सत्तराव्या वर्षी माणूस काय काय सांभाळतो, ते आता मला कळतं.

दुसरं ठिकाण जास्त खोल आहे. कांट म्हणतो, मी खरंच मानतो का, हे मला आत पाहून कळतं. खरंच कळतं? इथे पुन्हा रमाबाई मदतीला येतात. 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कळायला विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक कारण झालं. या हॅस्लमची गोष्ट तर मासलेवाईक आहे. 1851 साली कॉर्नवॉलमध्ये तो ख्रिस्ताविषयी परूश्यांना विचारलेल्या प्रश्नावर प्रवचन देत होता, आणि बोलता बोलता त्याला जाणवलं की परूश्यांपेक्षा मला जास्त काही दिसलेलं नाही. समोरचा एकजण ओरडला, पाद्रीबाबाचंच परिवर्तन झालं! माणूस स्वतःच्याच प्रवचनाने ख्रिस्ती झाला.

मग 1883 सालच्या रमाबाई दांभिक होत्या का? अजिबात नाही. त्या तेव्हा होतं तेवढं बोलल्या होत्या. जे नव्हतं ते नव्हतं, हे कळायला आठ वर्षं लागली. म्हणजे आत पाहिलं की लगेच तळ दिसतो, असं अंतःकरण नसतं. यिर्मया संदेष्ट्याने हृदय सगळ्यात कपटी असल्याचं म्हटलं आहे. कांटनेही आपल्या नीतिशास्त्रात, आपले गुप्त हेतू आपल्याला कधीच पूर्ण कळत नाहीत हे कबूल केलं आहे. मग प्रांजळपणा म्हणजे काय उरतो? माझं उत्तर असं : प्रांजळपणा हा एकदा मिळवून भिंतीवर टांगायचा दाखला नाही. आज आहे त्याहून जास्त न बोलणं, आणि उद्या चूक दिसली तर ती कबूल करणं, एवढंच त्याचं काम. वाँटेजला रमाबाईंनी जास्तीचं बोलून टाकलं असतं तर आठ वर्षांनी काय कमी होतं ते त्यांना दिसलंच नसतं. खोट्याने भरलेली जागा रिकामी आहे हे कळत नाही.

याला किंमत पडते. रमाबाईंवर आरोप दोन्हीकडून झाले. इंग्लंडात, ही पुरती ख्रिस्ती नाही. आणि 1893 साली पुण्यात शारदा सदनाच्या वादात, ही आतून मिशनरीच आहे. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. शाळेत धर्म शिकवणार नाही हे वचन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बाईंची स्वतःची प्रार्थना, खोलीचं दार उघडं ठेवून, येईल त्या मुलीला मज्जाव न करता. पालकांची आणि सल्लागारांची शंका निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण गंमत बघा : येशू म्हणतो दार लावून प्रार्थना कर, आणि रमाबाई दार उघडं ठेवतात. ज्या काळी रस्त्यावरची प्रार्थना प्रतिष्ठा देत होती, तेव्हा दार लावणं हा प्रांजळपणा. जिथे प्रार्थनेमुळे प्रतिष्ठा जाते, तिथे दार लावणं हीच भूमिका झाली असती. नियम एक, कृती उलट.

शेवटचा धोका आपल्यासारख्यांसाठी आहे. लूकाच्या अठराव्या अध्यायात परूशी देवाचे आभार मानतो की मी त्या जकातदारासारखा नाही. आजचे सुशिक्षित लोक, मी धरून, काय म्हणतात? देवा, तुझे आभार, मी त्या परूश्यासारखा नाही. मी निदान ढोंग तरी करत नाही. झालं! नाटक तेच, फक्त पोशाख बदलला. प्रांजळपणाचा अभिमान वाटायला लागला की समजावं, पुन्हा कोणीतरी लिहून दिलेलं वाक्य आपण म्हणतो आहोत.

मग देवासमोर बोलायचं तरी काय? मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. तो एका दमात म्हणतो की मी विश्वास ठेवतो आणि माझ्या अविश्वासाला साहाय्य कर. कांटनेही प्रांजळपणाच्या संदर्भात त्याची आठवण काढली आहे. मला यात एक उपयोगी गोष्ट दिसते. विधान श्रद्धेच्या पुढे धावू शकत नाही, पण मागणं धावू शकतं. नाही ते 'आहे' म्हणता येत नाही. नाही ते मागता मात्र येतं. त्या माउलीसमोर 'देवाची इच्छा' म्हणण्याऐवजी मला म्हणता आलं असतं, "मला काही कळत नाही, बाई. मी इथे बसतो." ते खरं ठरलं असतं, आणि कदाचित ती प्रार्थनाही ठरली असती.

जाता जाता ईयोबाच्या शेवटाकडे पुन्हा पाहू. खुशामत करणाऱ्या मित्रांना देव जाळून टाकत नाही. ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील आणि मी त्याचं ऐकेन, असं तो सांगतो. सरळ बोलणाऱ्याने वाकडं बोलणाऱ्यांसाठी मागायचं आहे. आणि रमाबाईंची ती पत्रं आपल्यापर्यंत आली कशी, ठाऊक आहे? 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे ती छापली गेली. पण ती जपून, जुळवून ठेवली होती सिस्टर जेराल्डीन यांनीच. रमाबाईंनी त्यांना दिलेली उत्तरं त्यात आहेत आणि त्यांचे स्वतःचे रागही आहेत. गाळणं त्यांना सहज शक्य होतं. तरी ती उत्तरं राहिली, म्हणून मी आज तुमच्यासमोर ती वाचू शकलो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता देता मला वाटतं, आपलं ढोंग ओळखायची सुरुवात इथून करावी : आपल्याविरुद्ध जाणारा कागद आपण ठेवतो की फाडतो?